खाणीच्या काठावर बदनापूरकर

निवृत्त प्रवासी हा पर्यटकांमधील एक स्वतंत्र वर्ग असून, ज्याच्यापाशी वेळ भरपूर, गुडघे मर्यादित आणि सवलतींच्या नियमांचे ज्ञान अमर्याद असते, अशा व्यक्तीचा त्यात समावेश होतो. रेल्वेने ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबवली आणि एसटीने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास दिला, तेव्हापासून जालना जिल्ह्यातील बदनापूरसारख्या रेल्वे स्थानक असलेल्या गावातही या वर्गाचा ओढा रुळांकडून स्टँडकडे वळला. कंडक्टरने मागण्यापूर्वीच दिसेल अशा बेताने आधार कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात ठेवणे, हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण होय.

काशी-रामेश्वर आटोपलेला असा बदनापूरकर भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथे सपत्नीक का जातो, याची कारणे अर्थशास्त्रीय आहेत. तेथे मँगनीजची, म्हणजे पोलादाला कणखरपणा देणाऱ्या धातूच्या खनिजाची, उघडी खाण असून ती १९६२ साली स्थापन झालेली मॉयल ही सरकारी कंपनी चालवते. बोगदा न खणता वरची माती-मुरूम बाजूला सारून पायऱ्यापायऱ्यांनी खाली नेलेल्या खड्ड्यास उघडी खाण म्हणतात. जालन्याच्या सळईलाही मँगनीजवाचून गत्यंतर नाही. शिवाय येथील खनिजाचा काही भाग टॉर्चच्या सेलसाठी जातो, आणि मध्यरात्री लाइट आली म्हणून मोटार चालू करायला निघालेल्या शेतकऱ्याने अशाच काळ्या भुकटीच्या भरवशावर आयुष्यभर साप चुकवलेले असतात.

खुद्द बदनापूरच्या भूमीत धातू नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा थिजलेला काळा पाषाण, ज्याला बेसाल्ट म्हणतात, एवढीच तिची खनिजसंपत्ती असून तिचे रूपांतर फक्त खडीत होते. तथापि खोदकामाच्या ज्ञानात तेथील मनुष्य कोणत्याही खाण अभियंत्याला हार जात नाही. पाणाड्या, अर्थात भूगर्भातील पाणी दाखवणारा जाणकार, तळहातावर नारळ आडवा धरून शेतभर फिरतो. नारळ उभा राहिला की तेथे बोअरची गाडी लागते, फुटाफुटाने बिल चढते आणि पाइपातून पांढरा फुफाटा उडतो, त्या फुफाट्याकडे पाहत घरधनी ‘अजून पन्नास जाऊ द्या’ असे म्हणतो.

एवढी पूर्वतयारी असलेला अभ्यासक खाणीच्या कुंपणाशी उभा राहतो, तेव्हा डोंगराएवढे मातीचे ढिगारे अथवा डंपरांची रांग त्याला दिपवत नाही. त्याची नजर तळाशी साचलेल्या पाण्यावर आणि ते अहोरात्र बाहेर टाकणाऱ्या पंपांवर खिळते. पावसाचे व झिरप्याचे पाणी उपसल्याखेरीज खनिज काढता येत नाही, हा खाणशास्त्राचा प्राथमिक नियम होय. तो ठाऊक नसल्याने बदनापूरकर पहारेकऱ्याला अत्यंत आदराने विचारतो, “किती फुटांवर लागलं हो पाणी?” पहारेकरी त्रासून उत्तरतो, “लागलं कुठं जी, घुसते! फेकता फेकता जीव जाते.”

नारळाविना, नवसाविना आणि कर्जाविना आलेले पाणी नकोसे ठरू शकते, हा सिद्धान्त पचवण्यास गृहस्थांना परतीचा संपूर्ण प्रवास लागतो. पत्नीला मात्र २०२३ पासून मिळणाऱ्या अर्ध्या तिकिटातच त्याचा व्यावहारिक उपयोग सुचतो. तिच्या मते गावच्या पाणाड्याला विनाविलंब खाणीत नोकरीला लावावे, कारण त्याने दाखवलेल्या जागी पाणी लागत नाही हे चार बोअरांनी सिद्ध झाले असून, खाणवाल्यांना नेमकी तशीच जागा हवी असते.