थरथर कुणाची?

जुन्या मारुती ८००चं स्टिअरिंग थरथरू लागलं, तर निदान तसं सोपं असतं. ऐंशीच्या आसपास हात थरथरले आणि वेग उतरवल्यावर थांबले, तर व्हील बॅलन्सिंग. रिमच्या कडेचं काही ग्रॅमचं वजन बहुधा वाटेत गळून पडलेलं असतं. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरलं, तर वाकडी झालेली डिस्क. हळू चालवतानाही डुललं, तर टायरचा फुगा नाहीतर चेपलेली रिम. अलाइनमेंटला उगाच बदनाम करू नये. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते.

घोडं पेंड खातं ते नाशकात. ऐंशीचा काटा गाठायचा कुठे? द्वारका चौकात तिसरा गिअर टाकणाऱ्याचा सत्कारच करायला हवा. त्यात २०२७चा सिंहस्थ तोंडावर, म्हणून रस्त्यांची खोदाई जोरात. त्यामुळे मुरलेला मेकॅनिक बॉनेटला हात लावण्याआधी विचारतो, "साहेब, आलात कुठल्या रस्त्यानं?"

खात्री हवीच असेल, तर इगतपुरी गाठून, टोलची तयारी ठेवून समृद्धीवर चढावं. तिथे स्टिअरिंग शांत राहिलं, तर बिल कुणाच्या नावानं फाडायचं, हे घरपट्टी भरणाऱ्याला सांगायला नको.