सोनारीचा अभ्यास सोनारीच्या मुलांना करू द्या

धाराशिव जिल्ह्यात, परंडा तालुक्यातल्या सोनारीला काळभैरवनाथाचं देऊळ आहे. चैत्रात यात्रा भरते, लांबलांबची कुळं दर्शनाला येतात. पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या वीर गावी म्हस्कोबा आहे. तो मूळचा सोनारीचा. कमळाजी नावाच्या धनगर भक्तासाठी सोनारीचा देव नीरेच्या काठी आला, अशी वीरची कथा. आजही वीरचे भक्त सोनारीचं नातं सांगतात.

हे नातं जगाच्या विद्यापीठांत कोणी पोचवलं? गुंथर सोन्थायमर या जर्मन माणसानं. हायडेलबर्ग विद्यापीठात १९६२ साली दक्षिण आशिया संस्था सुरू झाली, तिथले हे प्राध्यापक. मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांवर राहिले, ओव्या ऐकल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचं त्यांचं जर्मन पुस्तक १९७६ साली आलं. अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीनं ते इंग्रजीत नेलं, १९८९ साली.

सोन्थायमर यांच्याविषयी मला फक्त आदर आहे. त्यांनी केलं ते आपल्यातल्या फार थोड्यांनी केलं. माझा राग दुसऱ्यांवर आहे. मेंढरांमागून चालत हा देव सोनारीहून वीरला कसा गेला, हे शोधायला हायडेलबर्गकडे पैसा होता. आपल्या विद्यापीठांकडे आजही नाही.

एका प्रदेशाची भाषा, देव, जमीन, बाजार आणि राजकारण यांचा एकत्र अभ्यास करणारी प्रदेश-अभ्यासाची शाखा, जिच्यातून हा पैसा आला, दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावली. रशियानं १९५७ साली स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला जाग आली. पुढच्याच वर्षी त्यांनी संरक्षणाच्या नावाखाली शिक्षणाचा कायदा केला आणि परक्या भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी पैसा बाजूला काढला. हेतू सत्तेचा होता, हे उघड आहे. पण पद्धत शिकण्यासारखी आहे. विद्यार्थ्याला आधी भाषा शिकवा, मग गावात पाठवा, आणि तो तिथे राहील तोवर त्याचं पोट भरा. पुण्यात आजही अमेरिकन विद्यार्थी अशा फेलोशिपवर मराठी शिकायला येतात.

आता आपल्याकडे बघा. परंड्याच्या मुलानं नेट-जेआरएफ काढलीच, तर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. वाईट नाहीत. पण पुस्तकं, प्रवास, टंकलेखन, रेकॉर्डर या सगळ्यासाठी सामाजिक शास्त्रांच्या संशोधकाला पहिली दोन वर्षं वरखर्च म्हणून वर्षाला १०,००० रुपये. महिन्याला आठशे तेहतीस. एवढ्यात सोनारी ते वीर किती फेऱ्या होतील, हे ही रक्कम ठरवणाऱ्यानं एसटीच्या तिकीट खिडकीवर जाऊन विचारावं.

ज्यांना जेआरएफ मिळत नाही, ते फेलोशिप देणाऱ्या राज्याच्या संस्थांकडे वळतात. बार्टी, सारथी, महाज्योती. तिथली कथा सगळ्यांना ठाऊक आहे. बार्टीच्या फेलोशिपसाठी २०२३ साली पोरं मुंबईच्या आझाद मैदानावर आंदोलनाला बसली. त्याच वर्षी डिसेंबरात, नागपूरच्या अधिवेशनात, तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत विचारलं की पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार.

मी उत्तर देतो. परंड्याचा किल्ला घ्या. अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर निजामशाहीची गादी १६०० साली तिथे मांडली गेली. पुढे हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे राहिला, थेट सप्टेंबर १९४८ पर्यंत. म्हणजे इथल्या गावाचा इतिहास फारसीत आहे, मोडीत आहे, उर्दूत आहे. निजामाच्या महसूल खात्याचा कागद वाचायचा तर उर्दू हवी आणि हैदराबादच्या अभिलेखागारात महिनोन्‌महिने मुक्काम हवा. धनगरांची वाट समजायची तर कर्नाटकात उतरावं लागतं, म्हणजे थोडी कानडी आली. एवढी तयारी केलेला एक मुलगा किंवा मुलगी धाराशिव जिल्ह्यात उभी राहिली, तर जमिनीचे जुने हक्क, इनामं, देवस्थानच्या जमिनी, स्थलांतर, दुष्काळ यांचं कोडं सोडवणारा माणूस गावाला गावातच मिळेल. हा दिवा आहे. त्याला तेल घालणं सरकारचं काम.

दोष एकट्या सरकारचा नाही. आपल्या विद्यापीठांत विषय कसा ठरतो ते प्रत्येक विद्यार्थी जाणतो. मार्गदर्शकाकडे जागा असेल तो विषय, ग्रंथालयात बसून उरकेल तो विषय, 'एक चिकित्सक अभ्यास' असं शेपूट लावता येईल तो विषय. वर्षभर गावात राहून ओव्या टिपणाऱ्याला हजेरीपटावर सही करायला विभागात बोलावतात. त्यातून टिकून कोणी काम केलंच, तर त्याची ध्वनिमुद्रणं जपायला कपाट नाही. गाणारी म्हातारी माणसं मात्र थांबत नाहीत.

रा. चिं. ढेरे यांनी आयुष्यभर लोकदेवतांचा माग काढला, तो कुठल्या विद्यापीठाच्या भरल्या पगारावर नव्हे. असं प्रत्येकानं करावं, ही अपेक्षा क्रूर आहे. एका माणसाच्या त्यागावर शास्त्र उभं राहत नाही.

आणि गावची माणसं केवळ माहिती पुरवणारी नसतात. धनगरांच्या दोन दीर्घ ओव्यांचं फेल्डहाउस यांचं इंग्रजी पुस्तक २०१४ साली आलं, त्यावर त्यांच्या नावासोबत दोन मराठी सहकाऱ्यांची नावं आहेत. सोबतीला असलेली ही नावं पुढच्या पुस्तकावर पहिली यावीत, एवढंच मागणं आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवला आहे. तिथून सोनारी, तुळजापूर, नळदुर्ग, परंडा सगळं जिल्ह्यातच. दरवर्षी दहा फेलोशिप द्या. पहिलं वर्ष भाषेचं ठेवा: मोडी, उर्दू, कानडी, ज्याला जी लागेल ती. दुसरं वर्ष गावातल्या मुक्कामाचं. प्रवासाचा खर्च वेगळा आणि पैसे महिन्याच्या महिन्याला. जमवलेल्या ध्वनिमुद्रणांची एक प्रत उपपरिसरात, एक त्या गावच्या वाचनालयात. अधिसभेच्या सदस्यांनो, मार्चमध्ये अर्थसंकल्प तुमच्यासमोर येतो. त्या बैठकीत हा ठराव मांडा, आणि कोणी विरोध केला तर त्याचं नाव इतिवृत्तात नोंदवून घ्या.