कंबर धरण्याचा हमखास मार्ग

यंदा गणपतीला बाईकने गावी जायचं ठरवलंत, अभिनंदन! रेल्वेचं तिकीट मिळालं नाही हे कारण कुणाला सांगू नका. ‘राईड करायची होती’ म्हणा. मुंबई ते सावंतवाडी साधारण पाचशे किलोमीटर. एवढ्या अंतरात नवशिक्यालाही उत्तम कंबरदुखी मिळू शकते. मात्र सगळं रस्त्यावर सोडून चालणार नाही. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि त्याने पुढे वर्षानुवर्षं चाकरमान्यांच्या मणक्यांची सेवा केली. पण आता कशेडीला बोगदा झाला, पुढे काँक्रीट आलं. खड्ड्यांचा भरवसा उरलेला नाही. स्वतः कष्ट घ्यावे लागतील.

गाडीपासून सुरुवात करू. साध्या गाडीच्या मागच्या शॉकअपला बहुधा पाच खाचा असतात. मागे माणूस आणि सामान असलं की स्प्रिंग एक-दोन खाचा कडक करायची. टूलकिटमधला तो वाकडा पाना त्यासाठीच दिलेला असतो. तुम्ही तो पाना शोधू नका. शोरूममधून आली ती खाच तशीच ठेवा, म्हणजे दोघं बसल्याबरोबर शॉकअप अर्धा खाली जाईल आणि वडखळच्या आसपास पहिल्याच खड्ड्यात ‘ठक्’ असा आवाज येईल. हवा भरताना पंपवाल्याला सांगा, “लांब जायचंय, जरा टाईट भर.” दोघांसाठी किती हवा हवी तो आकडा गाडीच्या स्टिकरवर छापलेला असतो, तिकडे पाहायचं नाही. दगडासारखं टायर प्रत्येक खडीची खबर थेट सीटपर्यंत पोचवतं.

आता सॅक. या विषयात मी जरा आग्रही आहे. लॅपटॉप (गावात रेंज आली तर!), चार्जर, मखराच्या दिव्यांच्या माळा, आईने दिलेला लाडवांचा स्टीलचा डबा, असं सगळं एकाच सॅकमध्ये कोंबा आणि ती पाठीला लावा. पट्टे आखूड ठेवा. ते लांब सोडले तर सॅकचं बूड सीटवर टेकतं आणि खांदे मोकळे होतात, म्हणजे मेहनत वाया. आखूड पट्ट्यांनी सॅक तुम्हाला मागे ओढते, तुम्ही तोल सांभाळायला पुढे वाकता, आणि ही ओढाताण कमरेचे स्नायू तासन्‌तास निस्तरत बसतात. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा मिळतात, पण त्या लावल्या तर पाठीला काही कामच उरणार नाही. जाड पाकीट मागच्या खिशात राहू द्या. एक कुल्ला उंच, एक खाली, मध्ये तिरकी कंबर. सावंतवाडीपर्यंत पायात मुंग्या यायला एवढं पुरतं.

बसायचं कसं? पोक काढून, कोपरं ताठ, गुडघे टाकीपासून लांब. टाकी गुडघ्यांत धरली की धड मांड्यांच्या जोरावर सावरतं आणि कंबर सुटते, म्हणून धरू नये. गतिरोधक आला तरी बूड हलवू नका. फूटरेस्टवर भार देऊन बोटभर उठलं तर धक्का मांड्या खातात. बसून राहिलं तर तो मान माकडहाडाला मिळतो. पाय पुढे ताणून बसायची क्रूझर असेल तर तुम्ही भाग्यवान, त्या गाडीवर मनात आणलं तरी धड उठता येत नाही.

मागे बसलेल्या बायकोला यापेक्षा जास्त फळ मिळतं आणि याची दखल कुणी घेत नाही. ती जवळजवळ मागच्या चाकावरच बसलेली असते, हातात हँडल नाही, समोर तुमचं हेल्मेट आणि तुमची सॅक. खड्डा तिला बसल्यावर कळतो. “खड्डा!” एवढं ओरडलं तरी ती सावरून बसेल. तुम्ही ओरडू नका.

वरचं सगळं विसरलात तरी चालेल, एक गोष्ट पाळा: थांबायचं नाही. तासा-दीड तासाने उतरून पाच मिनिटं चाललं, कमरेवर हात ठेवून जरा मागे वाकलं, की तोवर जमवलेला सगळा आखडलेपणा निघून जातो. माणगाव, महाड, पोलादपूर मागे टाका. पाणी पिऊ नका, म्हणजे उतरायची वेळ येणार नाही. बायकोने विचारलं तर “घाट संपला की थांबू”. घाट संपला की “चांगलं हॉटेल दिसलं की थांबू”. चिपळूणला थांबावंच लागलं तर प्लास्टिकच्या खुर्चीत मान खाली घालून मोबाईल बघा आणि ग्रुपवर टाका, ‘नॉनस्टॉप!’

गावी पोचलात की लगेच वाकून सामान उचला आणि पूजेला मांडी घालून बसा. उठताना काकू विचारतील, “कमरेक काय झाला रे?” तेव्हा रस्त्याला शिव्या द्या.

थट्टा एवढ्यापुरतीच. कळ पायात उतरू लागली, बधिरपणा आला, तर डॉक्टर गाठा. पायातली ताकद गेली किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर मलम चोळत रात्र काढू नका. त्याच क्षणी हॉस्पिटलात जा.

आणि निघताना काकू नारळाचं पोतं देणारच. नको म्हणता येणार नाही. एसटीच्या पार्सलने पाठवा.