लेअरचा डोळा

मावळात बंगला बांधणं सोपं, त्याच्या सादरीकरणाचं शीट लावणं अवघड. बंगल्याला वाळू, सिमेंट आणि ग्रामपंचायत पुरते. शीटला सॉफ्टवेअर लागतं, आणि ते कोणतं यावरून लोणावळा ते तळेगाव प्रत्येक आर्किटेक्टच्या ऑफिसात रोज जुंपलेली असते.

पक्ष तीन. इंटर्न फोटोशॉपचा. त्याला जागच्या जागी झाड चिकटवायचं, ढग ओढायचा, म्हणून अख्खं ए-वन शीट तो तिथेच लावतो. फाईल इतकी फुगते की सेव्ह होईपर्यंत खाली जाऊन वडापाव खाऊन येता येतं. पुण्यात शिकून आलेल्या मॅडम इनडिझाइनच्या. हे सॉफ्टवेअर चित्र पोटात घेत नाही, नुसता पत्ता लिहून ठेवतं. फाईल हलकी राहते, बारा शीटना एकच ग्रिड चालते. खरं तर बाजू त्यांचीच बरोबर. पण सादरीकरणाच्या सकाळी त्या नेमकी फाईल तेवढी पेनड्राइव्हवर नेतात, चित्रांचं फोल्डर ऑफिसातच राहतं, आणि पडद्यावर पवना लेक-व्ह्यूचे ठोकळे उमटतात.

तिसरा पक्ष फ्लेक्सवाला. एकटाच, पण नकाराधिकार त्याचा. "कोरलमध्ये आणा, जुन्या व्हर्जनला सेव्ह करा, फॉन्ट कर्व्ह करा." १९८९ साली कॅनडातून आलेल्या कोरलड्रॉला इतके एकनिष्ठ भक्त कॅनडातही मिळायचे नाहीत. पडद्यावरचा पोपटी आरजीबी हिरवा त्याच्या शाईत उतरला की शेवाळी होतो. जुलैतल्या लोणावळ्याच्या भिंतींशी शीटचं जुळतं ते एवढंच.

बाकी भांडण उगाच आहे. तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये लेअरशेजारी एक डोळा असतो; तो मिटला की नकोशी वस्तू नाहीशी. विजेच्या तारा बंद. डोंगर कापलेली लाल माती बंद. शेजारच्या बंगल्यातला शनिवारचा डीजे बंद. इंद्रायणीची निळी पूररेषा तर उघडलेली कुणी पाहिलेलीच नाही. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पडणारा पाऊसही बंद, धबधबा मात्र चालू. वडगावच्या भात संशोधन केंद्राने इंद्रायणी तांदूळ दिला, त्याच तालुक्यातली खाचरं 'लॉन' नावाच्या लेअरखाली गेली. लॉनवर सोनेरी केसांची बाई सोनेरी कुत्रा फिरवते. सायकलला किटल्या लावून दूध घालायला निघालेले मामा कटआउटच्या कुठल्याच लायब्ररीत मिळत नाहीत. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेला लोहगड मात्र हमखास मिळतो. प्लॉटवरून तो पाण्याच्या टाकीआड जातो, म्हणून शीटवर जरा उजवीकडे सरकवून दिवाणखान्याच्या खिडकीत बसवतात.

यात कायद्याची भीती आहेच. २०१६च्या रेरा कायद्याच्या १२व्या कलमानुसार खोट्या जाहिरातीला भुलून पैसे भरणाऱ्याला ते व्याजासह परत मागता येतात. म्हणून शीटच्या तळाशी 'चित्र काल्पनिक' ही ओळ येते. तिच्यापुरतं तिन्ही पक्षांचं एकमत आहे: पाच पॉइंट, करडी अक्षरं, करड्या फरशीवर.

रात्री उशिरा सगळं जुळतं. ८४१ मिलिमीटर लांबीचं शीट व्हॉट्सॲपने मुंबईला जातं आणि गिऱ्हाइकाच्या हातभर नव्हे, वीतभर पडद्यावर उघडतं. दोन निळ्या खुणा. मग उत्तर:

"मस्त. फक्त धबधबा ईशान्येला घ्या. आणि तो कुत्रा आपल्याला मिळणार ना?"