अंक दिवाळीचा, वाचन मार्गशीर्षातलं

दिवाळी अंक दिवाळीतच वाचायचा, असं ज्यांनी ठरवलं त्यांच्या वावरात सोयाबीन नव्हतं. ही तक्रार मी दरवर्षी करतो आणि दरवर्षी ती खरी निघते.

सुलतानपूर हे लोणार तालुक्यातलं रस्त्यावरचं गाव. मेहकरहून येणारी वाट इथून एकीकडे लोणारला वळते आणि दुसरीकडे बिबी, दुसरबीड करत सिंदखेडराजाकडे जाते. फाटा असल्याने इथे बस थांबते, ट्रक थांबतात, सरोवर पाहायला निघालेली मंडळी चहाला उतरतात. दिवाळी अंक मात्र मेहकरहून नाहीतर बुलढाण्याहून आणावे लागतात, आणि ते स्टॉलवर लागतात त्या दिवसांत घरातल्या एकाही माणसाला मेहकरला जायची सवड नसते.

कारण सरळ आहे. जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला पेरलेलं सोयाबीन शंभरेक दिवसांत हाताशी येतं. म्हणजे सोंगणी दसऱ्याच्या मागेपुढे. सोंगलेलं गोळा करून सुडी लावायची, आभाळ भरलं की धावत जाऊन सुडीवर ताडपत्री टाकायची, मळणी यंत्रवाल्याकडे नंबर लावायचा, पोती घरात आणायची. वावर मोकळं झालं की जमिनीत ओल आहे तोवर हरभरा पेरायचा. ज्यांची कपाशी आहे त्यांची वेचणीही याच सुमारास सुरू होते, आणि तेव्हा मजूर मिळणं हेच मोठं काम होऊन बसतं. या तीन-चार आठवड्यांत दिवाळी अंक निघतात, विकले जातात, त्यांच्यावर लिहून येतं आणि त्यांचा विषय संपतो. आम्ही तेव्हा खळ्यात असतो.

मराठीतला पहिला दिवाळी अंक 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा काढला. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळचे खास अंक त्यांच्या नजरेसमोर होते, असं सांगतात. मित्रांबद्दल मला अतिशय आदर आहे. मराठी माणसाला सणाला फराळाइतकंच साहित्य लागतं, ही सवय त्यांनी लावली आणि ती शंभर वर्षांहून जास्त टिकली. पण नाताळ येतो डिसेंबरच्या अखेरीस. तिकडे तेव्हा शेतं थंडीने गारठलेली असतात आणि माणसं घरात बसलेली असतात. वाचायला त्याहून चांगला काळ नाही. आपण अंकाची कल्पना घेतली, तिचा सण बदलला, आणि त्या सणाच्या दिवसांत इकडचा शेतकरी काय करत असतो, याचा विचार राहून गेला. मुंबईत 1909 साली तो सुचला नसेल तर समजू शकतं. इतक्या वर्षांत कुणालाच का सुचला नाही, हे मला समजत नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो पंचांगात सापडतो. अधिक मास आला की दिवाळी पुढे सरकते. 2023 साली अधिक श्रावण होता, म्हणून लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला आलं. 2026 साली अधिक ज्येष्ठ, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. या वर्षांत सोयाबीन बहुतेक घरात आलेलं असतं आणि माणूस सणाच्या दिवशी ओट्यावर बसून दोन पानं वाचू शकतो. 2025 साली मात्र लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं. तेव्हा सुड्या वावरातच होत्या. सोयाबीन मात्र पंचांग बघत नाही, ते पेरणीपासून दिवस मोजतं. अंक काढणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तरी मांडून पाहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पंधरा ऑक्टोबरचंही तसंच. डॉ. अब्दुल कलाम यांची जयंती आपल्या राज्यात 2015 पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरी होते. कलामांच्या जन्मतारखेवर कुणाचा आक्षेप असणार? पण त्या दिवशी इथली पुष्कळ मुलं आईबापांबरोबर वावरात असतात, आणि जी शाळेत येतात त्यांच्या हातात एकेक पुस्तक देऊन फोटो काढला जातो. फोटो झाला की पुस्तक परत कपाटात. माझं म्हणणं एवढंच, की त्या दिवशी पुस्तक मुलाच्या दप्तरात जाऊ द्यावं आणि ते परत द्यायची तारीख जानेवारीतली असावी. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचाही दिवाळी अंक असतो. तो दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या घरी गेला तर सुट्टीतला अभ्यास म्हणून वहीभर शुद्धलेखन लिहून घ्यायची गरज उरणार नाही.

तर आमचा वाचनाचा हंगाम मार्गशीर्षात लागतो. हरभरा जमिनीवर दिसू लागलेला असतो, रात्री थंडी असते. शेतीपंपाला रात्रीची वीज असली की ओलिताला जावं लागतं. तुषारचे पाइप एका जागेवर लावले की ते उचलून पुढे न्यायला दोन-तीन तास असतात. विहिरीवरच्या दिव्याखाली एक दीर्घकथा नेमकी तेवढ्यात होते. दीर्घकथा हा प्रकार दिवाळी अंकांनीच जगवला, असं मला वाटतं, आणि ती वाचायला याहून योग्य जागा मला ठाऊक नाही. अडचण अशी, की तोवर त्या कथेचा शेवट मला तिघांनी सांगितलेला असतो. पुण्याचा भाचा फोनवर सांगतो, मेहकरचे एक शिक्षक बसस्टँडवर सांगतात, आणि तिसरा कुणीतरी ‘तुम्ही अजून वाचली नाही?’ असं विचारून मग सांगतो. या तिघांनाही मी नम्रपणे कळवलं आहे, की संक्रांतीच्या आधी माझ्याशी दिवाळी अंकांवर बोलू नये.

दुसरी अडचण स्टॉलची. तुळशीचं लग्न लागलं की उरलेले अंक वितरकाकडे परत जातात. सोयाबीनचे पैसे हातात येतात तेव्हा स्टॉलवर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणि नव्या वर्षाची कॅलेंडरं लागलेली असतात. आता एकेका अंकाची किंमत तीनशे-चारशे रुपयांच्या घरात गेली आहे. एवढे पैसे सोंगणीच्या मजुरीआधी कुणी बाजूला काढत नाही, काढूही नयेत.

मग ग्रंथालयं उरतात. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालचा आहे आणि त्याखाली गावोगावी मान्यताप्राप्त वाचनालयं उभी राहिली. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. या व्यवस्थेने खेड्यातल्या माणसाला जे दिलं आहे ते मोजता येणार नाही. पुष्कळ वाचनालयं ठरावीक वर्गणी घेऊन दिवाळी अंकांची योजना चालवतात आणि अंक पुढचे काही महिने घराघरांत फिरतात. मीही अशा एका योजनेचा सभासद आहे. माझ्याकडे अंक येतो तेव्हा तो बऱ्याच घरांतून आलेला असतो, आणि त्या घरांनी काय काय केलं ते पानोपानी दिसतं.

शब्दकोडं पेनने सोडवलेलं असतं, तेही अर्धंच आणि चुकीचं. ‘आवाज’च्या अंकातली खिडकीची चित्रं मधुकर पाटकरांनी सुरू केलेल्या या अंकाची ओळख आहेत. 1951 पासूनचा हा अंक, आणि आधी घडी मिटलेली पाहायची, मग उघडून हसायचं, यात त्या चित्रांची सगळी मजा. ती खिडकी माझ्यापर्यंत कधी मिटलेली येत नाही. एक तर फाटून लोंबत असते, नाहीतर कुणीतरी ती चिकटपट्टीने कायमची उघडी ठेवलेली असते. वाचनालयाचा शिक्का कवितेच्या पहिल्याच ओळीवर पडलेला असतो. कविता मुळात आठ ओळींची. त्यातली एक शिक्क्याखाली गेली तर कवीने काय म्हटलं ते कळायचं कसं? शिक्का मारायला जाहिरातींची पानं भरपूर असतात. सराफी पेढ्यांनी आणि पतसंस्थांनी आख्खी पानं घेतलेली असतात, त्यावर कितीही शिक्के मारा.

थुंकी लावून पान उलटणाऱ्यांबद्दल मी जास्त लिहीत नाही. करोनानंतर तरी हे थांबायला हवं होतं.

पानाचा कोपरा दुमडणं हा मला खरा अन्याय वाटतो. खूण म्हणून काहीही चालतं. सुतळीचा तुकडा, लग्नपत्रिकेची पट्टी, सुकलेलं पिंपळपान. मी पूर्वी बसचं तिकीट ठेवायचो. पंच केलेलं जुनं तिकीट लहान असायचं, जाडसर असायचं, आणि ते पुस्तक कुठल्या प्रवासात वाचलं याची आठवणही राहायची. आता यंत्रातून निघणारं तिकीट उष्णतेने छापलेल्या कागदाचं असतं. सावलीत ठेवलं तर अक्षरं पुसट होत जातात, आणि पत्र्याच्या खोलीत एप्रिल काढला तर आख्खा कागद काळपट पडतो. माझ्याकडे ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’मध्ये एक जुनं मेहकरचं तिकीट अजून स्वच्छ वाचता येतं.

ना. घ. यांचं नाव आलंच आहे तर थोडं सांगतो. जन्म 1909 सालचा, म्हणजे पहिल्या दिवाळी अंकाचंच वर्ष. गाव शेंदूरजन, याच जिल्ह्यातलं. मेहकरला त्यांनी वकिली केली आणि आयुष्य तिथेच काढलं. जी. एन. जोशी यांनी गायलेल्या त्यांच्या गीताची ध्वनिमुद्रिका आधीच महाराष्ट्रभर गाजली होती, तरी ‘शीळ’ हा संग्रह आला 1954 साली. ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 1986 साली, वयाच्या सत्तरीनंतर. आमच्या भागात गोष्टी उशिरा पोचतात, पण पोचतात तेव्हा पक्क्या पोचतात. आणि इतक्या जवळच्या कवीचा संग्रह मागायला गेलं तर ‘कोण हो हे?’ असं ऐकावं लागतं, हे मला फार लागतं.

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’चंही तेच होतं. 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार, लेखक याच जिल्ह्यातले, विषय शेतकऱ्याच्या घराचा. मी ती कादंबरी ज्याला वाचायला दिली त्या शेजाऱ्याने दोन दिवसांत परत आणून दिली. म्हणाला, “आपल्याच घरचं हाय ना भाऊ सगळं, त्यात काय वाचा लागते?” मला ते पटलं नाही. आपल्या घरचं कुणीतरी इतक्या बारकाईने पाहून लिहून ठेवलं आहे, म्हणूनच ते वाचायचं. मी त्याला ती पुन्हा दिली आहे.

आणि घरी आलेला प्रत्येक माणूस कपाटाकडे बघून विचारतो, “एवढे सगळे पुस्तकं वाचले का तुम्ही?” कोठीत भरलेली ज्वारी पाहून कुणी ‘एवढी सगळी खाल्ली का?’ असं विचारत नाही. त्यामागून दुसरा प्रश्न ठरलेला: “रिकामेच दिसून राहिले सध्या?” हातात मोबाइल असेल तर माणूस कामात असतो आणि हातात अंक असेल तर रिकामा, ही समजूत गावात कशी रुजली ते मला माहीत नाही. पण वाचणाऱ्या सुनेला आणि वाचणाऱ्या मुलीला ती माझ्यापेक्षा कितीतरी जास्त सोसावी लागते. पुस्तक हातात दिसलं की त्यांना लगेच काहीतरी काम सांगितलं जातं. हे थांबवायला कुठला कायदा लागत नाही, घरातल्या मोठ्यांनी ठरवलं तरी पुरे.

पुस्तकांचा उन्हाळा आणि पावसाळाही वेगळाच असतो. आजकालचे जाड अंक पाठीला गरम डिंक लावून बांधलेले असतात. विदर्भातल्या मे महिन्यात तो डिंक मऊ पडतो, पुन्हा गार होताना तडकतो, आणि पानं सुटी होऊन हातात येतात. शिलाई केलेला किंवा पाठीत तारेच्या टाचण्या मारलेला जुना अंक हाच उन्हाळा काढून शाबूत राहतो. पावसाळ्यात कसर लागते. तिला खळीची आणि डिंकाची चटक, म्हणून ती आधी पाठच खाते. कडुनिंबाचा पाला ठेवतात तो पूर्ण सुकलेला हवा. ओला पाला ठेवला तर कसरीच्या आधी बुरशी येते. पोळ्याच्या सुमारास एक स्वच्छ उन्हाचा दिवस मिळाला की मी सगळे अंक उभे, पानं पसरून, ओसरीवर सावलीत वाऱ्याला ठेवतो. थेट उन्हात ठेवले की कागद पिवळा पडतो. या दिवशी घरात कुणी पाहुणे येऊ नयेत, अशी माझी अपेक्षा असते. येतातच, आणि प्रत्येक जण एक अंक उचलून घेऊन जातो.

उसने नेलेल्या अंकांसाठी मी वही घातली आहे. नाव, अंक, तारीख. पाडव्यापर्यंत परत यावा, एवढीच अट. वही दाखवली की माणसं दुखावतात. बियाणं उसनं दिलं तर हीच माणसं स्वतःहून चिठ्ठी लिहून देतात.

माझ्या मागण्या फार नाहीत. प्रकाशकांनी थोडे अंक तरी राखून ठेवून पौषात पुन्हा तालुक्याच्या गावी पाठवावेत, त्या वेळी इथे पैसा असतो आणि रात्र मोठी असते. जाड अंकाला शिलाई घालावी, पाच-दहा रुपये जास्त लागले तरी चालतील. आणि वार्षिक राशिभविष्य अंकात बांधू नये, सुटी पुरवणी म्हणून आत ठेवावं. ते कुणीतरी फाडून नेणार हे ठरलेलंच आहे, आणि फाडताना त्याच्या पाठीला छापलेल्या कथेचा शेवट त्याच्याबरोबर जातो.