सपतिक सागरी प्रवास : काही आवश्यक सूचना

या सूचना मांडव्यापासून रेडीपर्यंत, किनाऱ्याकिनाऱ्यानं, स्वतःच्या गाडीतून आणि स्वतःच्या नवऱ्याबरोबर निवांत प्रवास करू इच्छिणाऱ्या महिलांसाठी आहेत. गाडी भाड्याची असली तरी सूचना लागू राहतील. नवऱ्याच्या बाबतीत असा पर्याय दिलेला नाही. सोयीसाठी वाहनचालकाचा उल्लेख यापुढे ‘हे’ असा केला आहे.

निवांतपणाची व्याख्या

प्रवासाचा विषय निघाला की हे म्हणतात, “निवांत जाऊ. आपल्याला कुठं पोचायचंय?” हे ऐकून हुरळून जाऊ नये. चार दिवसांत निवांतपणाचं वेळापत्रक तयार होतं. त्यात पहाटे ५.५० प्रस्थान, ९.४० नाश्ता (१५ मिनिटं) आणि संध्याकाळी ५ ते ६.१५ या रकान्यात ‘समुद्र (निवांत)’ अशी नोंद असते. सव्वासहानंतर समुद्राचं काय करायचं ते विचारू नये. वेळापत्रकाच्या तीन प्रती निघतात : एक डॅशबोर्डवर, एक पाकिटात, आणि एक आपल्या पर्समध्ये; या शेवटच्या प्रतीत पुढे आल्याच्या वड्या बांधून ठेवता येतात.

पुढच्या सीटवरची कर्तव्ये

पाण्याची बाटली झाकण उघडून देणे. गॉगल पुसून देणे. यांचा फोन वाजल्यास उचलून “ते गाडी चालवताहेत” असं सांगणे आणि पलीकडचा माणूस काय म्हणाला ते शब्दशः यांना ऐकवणे. नकाशा बघणं हे काम आपलं. नकाशा बरोबर आहे की चूक हे ठरवण्याचा अधिकार यांचा. अवघड वळणावर आपला पाय आपोआप ब्रेक दाबतो. तो दाबू द्यावा, पण त्यांना दिसेल असा नाही.

रस्ता विचारणे

हे रस्ता विचारत नाहीत. गाडी एकाच देवळावरून दोनदा गेली तरी ते “बघितलंच पाहिजे असं देऊळ आहे” म्हणतात. काच खाली करून विचारायचं काम आपल्याकडे येतं, म्हणून कोकणात काय विचारायचं ते नीट समजून घ्यावं. “किती लांब आहे?” हा प्रश्न बाद. त्याचं उत्तर “हे काय, इथंच” असं येतं आणि मग दोन घाट लागतात. “गाडी जाईल का?” हाही बाद, कारण समोरचा माणूस भिडस्त असेल तर हो म्हणतो. विचारायचं ते एवढंच : “एसटी कुठून जाते?” जिथून एसटी जाते तिथून आपली गाडी जाते. नकाशाचं तसं नाही. नकाशा पाखाडीलाही रस्ता समजतो. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, मध्ये पायऱ्या, आणि पायऱ्यांवर वाळत घातलेली आमसुलं अशा जागी एकदा गाडी शिरली की मागे घ्यायला अख्खी वाडी गोळा होते. प्रत्येक जण वेगळी खूण करतो. हे सगळ्यांना “कळलं, कळलं” म्हणतात. आरसे मिटून घ्यायचे असतात हे शेवटी एक आजी सांगतात.

दोन मुरुड

या किनाऱ्यावर मुरुड दोन आहेत. एक जंजिऱ्याजवळचं, रायगड जिल्ह्यात. दुसरं हर्णैजवळचं, दापोली तालुक्यात. महर्षी कर्व्यांचं गाव ते हे. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे माडाच्या वाड्या, दोन्हीकडे ‘मुरुड बीचजवळ, घरगुती जेवणाची सोय’ अशा पाट्या. मध्ये राजपुरीची आणि बाणकोटची अशा दोन खाड्या आणि निम्मा दिवस. खोली ठरवताना तालुका विचारावा. माझ्या माहितीतले एक गृहस्थ संध्याकाळी सात वाजता एका मुरुडात उभे राहून दुसऱ्या मुरुडातल्या मालकाशी फोनवर “अहो, मी तुमच्या दारातच उभा आहे” म्हणून भांडत होते. गृहस्थ कोण ते लिहीत नाही, कारण हा मजकूर ते वाचणार आहेत. नावात घोळ शासनानं केलाय यावर ते अजून ठाम आहेत.

भरती-ओहोटी

या बाबतीत यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप असतं आणि जिथं समुद्र असतो तिथं त्याला रेंज नसते. आपण दिनदर्शिकेचं पान फाडून बरोबर घ्यावं. तिथीचा आकडा पाऊणपट करायचा, येईल त्या वाजता पूर्ण भरती : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसातून दोनदा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. त्यावर सहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढा होऊ द्यावा. समुद्राकडे वेळापत्रकाची प्रत नाही.

याचा उपयोग असा. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो. पण अष्टमीच्या आसपासचं पाणी भांगाचं. ते फार चढत नाही तसं फार उतरतही नाही. चालत जायचं तर पौर्णिमा-अमावास्येजवळचे दिवस धरावेत. द्वितीया-तृतीयेला सकाळी आठच्या सुमारास पाणी पार लांब गेलेलं असतं, ऊनही चढलेलं नसतं. याउलट हेदवीची बामणघळ भरतीलाच बघायची. खडकातल्या अरुंद भेगेत लाट शिरते आणि कोंडली गेली की उंच फवारा होऊन बाहेर पडते. ओहोटीला गेलं तर ती नुसतीच भेग. हे तिथं ओहोटीला पोचले, भेगेकडे बघून “लोक उगाच काहीही सांगतात” म्हणाले आणि ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी निघालो म्हणून खूश झाले. माझ्या पर्समध्ये पान होतं. “अजून चार तास थांबा” असं मी सांगितलं, तेव्हा माझ्याकडे त्यांनी जसं पाहिलं तसं फक्त टोलनाक्यावर सुटे नसणाऱ्यांकडे पाहतात.

पुळणीवर गाडी

नेऊ नये. नेणारच असतील तर गावातल्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर आधी घ्यावा.

जेवण

या प्रवासात ठरवून करावी अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जेवण. आणि नेमकी तीच गोष्ट यांच्या वेळापत्रकात नसते. तिथं ते म्हणतात, “तेव्हाचं तेव्हा बघू. सगळं काय ठरवायचं?” केळशी, आंजर्लं, गुहागर, वेळणेश्वर अशा गावांत घरगुती खानावळीत माणसं मोजून तांदूळ शिजतो. सकाळी दहाच्या आत फोन करून किती पानं ते सांगायचं, शाकाहारी की मासे तेही सांगायचं. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच. सोमवारी किंवा संकष्टीला माशांची अपेक्षा कुठं ठेवायची आणि कुठं नाही, हे ज्याचं त्यानं ओळखावं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते; त्या दिवसांत ‘ताजी सुरमई’ अशी पाटी दिसली तर पाटीच ताजी समजावी.

एका गावात अडीचला आम्ही एका दारात उभे राहिलो. काकू माजघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“सांगितलं होतंत?”

“नाही.”

“मग भात संपला.” त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं. यांच्याकडे जरा जास्तच. “बसा. भाकऱ्या टाकते.”

तांदळाची गरम भाकरी, कुळथाचं पिठलं, भाजलेला पापड, लोणच्याची फोड आणि नारळाच्या दाट दुधाची सोलकढी. पिठलं पानात वाढलं तेव्हा अजून बुडबुडत होतं. काकू “अजून घ्या” म्हणत नव्हत्या, सरळ वाढत होत्या. जेवताना कुणी बोललं नाही. पैसे विचारले तर त्यांनी जरा विचार करून असा आकडा सांगितला की आम्हालाच लाज वाटली. गाडीत बसल्यावर हे म्हणाले, “बघ. म्हणून आधी काही ठरवायचं नसतं.”

हर्णैचा लिलाव

संध्याकाळी होड्या लागल्या की किनाऱ्यावर माशांचे ढीग पडतात आणि बोली सुरू होते. आपण कडेला उभं राहून बघावं. हे मात्र बूट घालून मध्ये जातात आणि अख्ख्या पाटीचा भाव विचारतात. आपल्याकडे चूल नाही, बर्फ नाही, मुक्काम ब्राह्मणाच्या घरी आहे. भाव विचारून पुढं जाणाऱ्यांबद्दल कोळणींचं जे मत आहे ते त्या मोठ्यांदा सांगतात. आपण त्यांना ओळखत नसल्यासारखं करावं. यांना, कोळणींना नव्हे.

‘परत येताना थांबू’

कोर्लईचा किल्ला, मालगुंडचं केशवसुतांचं स्मारक, आरे-वारेचं ते वळण जिथून दोन्ही किनारे एकदम दिसतात : सगळं ‘परत येताना’. आपण परत त्या रस्त्यानं येत नाही. हे त्यांना माहीत असतं, मलाही माहीत असतं. यावर उपाय एकच. “मला मळमळतंय” असं म्हणायचं. गाडी ताबडतोब थांबते. ही युक्ती दिवसातून दोनदाच वापरावी.

अपवाद पाट्यांचा. इतिहासाची पाटी असेल तिथं हे आपणहून थांबतात आणि पहिल्या अक्षरापासून तळाच्या रंगाऱ्याच्या नावापर्यंत वाचतात. रत्नागिरीच्या थिबा पॅलेसमध्ये तर वेळापत्रक पार कोसळलं. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवलं, १८८६ पासून रत्नागिरीत ठेवलं. राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा तिथंच वारला. समुद्राकडं बघत तीस वर्षं. या किनाऱ्यावर सक्तीनं निवांत राहिलेला असा दुसरा माणूस माझ्या ऐकिवात नाही. हे बराच वेळ त्या खिडक्यांपाशी उभे होते. मग म्हणाले, “पेन्शन किती होती ते कुठं लिहिलेलं नाही.”

खाडी

आता महत्त्वाचं. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड : या चार ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवायची असते. नाहीतर दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला चिपळूणचा वळसा. बोट पलीकडच्या तीरावर असेल तर ती येईपर्यंत थांबायचं. रात्री ती बंद होते, म्हणून शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून ठेवावी.

धक्क्यावर यांची वागणूक क्रमानं अशी. आधी तिकीटखिडकीशी जाऊन बोट कधी येणार ते विचारतात. मग घड्याळ बघतात. मग खाडी बघतात, जणू तिनंच उशीर केलाय. मग चिपळूणच्या वळशाचा हिशेब मांडतात आणि तो बोटीपेक्षा कितीतरी जास्त निघाल्यावर गप्प होतात. या काळात आपण बोलू नये. टपरीवरचा चहा आणून हातात द्यावा.

बोट लागते. खलाशी हातानं खुणा करत, बोटभर अंतर ठेवून गाड्या लावतो. हँडब्रेक, पहिला गिअर, आणि गाडीतून उतरायचं. आत बसून राहणारे पुरुष असतात; त्यांना हात धरून बाहेर काढावं. दाभोळच्या खाडीत हे आधी एन्रॉनच्या वीजप्रकल्पावर बोलतात. प्रकल्प दाभोळचा म्हणून गाजला आणि उभा राहिला पलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला, हे मी पुष्कळदा ऐकलेलं आहे. पण खाडीच्या मध्यावर आल्यावर ते अचानक थांबतात, कठड्याला रेलतात आणि लहानपणी आजोळी होडीतून उतरताना चप्पल कशी वाहून गेली ते सांगायला लागतात. फोन खिशात असतो. हात रिकामे असतात. मला हे खरोखर आवडतात ते अशा ठिकाणी, आणि कोकणातल्या सगळ्या खाड्यांवर पूल बांधण्याच्या योजनेला माझा विरोध आहे तो याच कारणासाठी. पूल झाला की दोन मिनिटांत पलीकडे. मग चप्पल वाहून गेलेलीच राहणार.

खरेदी

श्रीवर्धनची रोठा सुपारी, मालवणचं खाजं, फणसपोळी, कोकमाचं आगळ. प्रत्येक दुकानासमोर हे “डोंबिवलीत सगळं मिळतं” म्हणतात. आपण घ्यावं. आगळाची बाटली उभीच राहील अशी कोंबावी. तो डाग जात नाही.

परतीचा मार्ग

हे मुंबई-गोवा महामार्गानं एका दिवसात यायचं ठरवतात. त्या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आहे. बाकी आपापल्या पाठीला विचारावं.

रोपे

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या काजूच्या सुधारित जाती नावाजलेल्या आहेत, आणि तिकडे रस्त्याला रोपवाटिकाही आहेत. तिथं यांनी आपणहून गाडी थांबवली, म्हणजे मला तेव्हाच संशय यायला हवा होता. कोकमाचं रोप घेतलं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. जाणकारांसाठी सांगते, कोकमात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. बियांपासून केलेलं रोप यातलं काय निघेल ते फुलल्याशिवाय कळत नाही आणि फुलायला पाच-सात वर्षं सहज जातात. म्हणून मादीच्या झाडाचं कलमच घ्यावं. रोपवाटिकेतल्या माणसानं हे नीट समजावून सांगितलं. यांनी कलमाची किंमत ऐकली आणि रोप घेतलं. “थांबू की,” म्हणाले, “आपल्याला कुठं घाई आहे?”

रोप मागच्या सीटवर बसून डोंबिवलीला आलं. कुंडी सोसायटीच्या गच्चीवर ठेवायची आहे आणि त्यासाठी सेक्रेटरींची परवानगी लागते. किती दिवसांसाठी, असं ते विचारतील. त्या अर्जावर सही यांनीच करावी.