आम्हाला सातवा लागलाय

मराठीत दिवस नेहमी 'तिला' जातात. डोहाळे तिला लागतात, महिने तिचे भरतात, कळा तिला येतात. नवरा या वाक्यांत कुठेच नसतो, फार तर शेवटी पेढ्यांचा पुडा घेऊन येतो. अलीकडे एका माणसानं या व्याकरणाला धक्का दिला आहे. तिशी नुकतीच ओलांडलेला हा गृहस्थ ऑफिसच्या कँटीनमध्ये चहाचा कप खाली ठेवतो आणि गंभीरपणे सांगतो, "आम्हाला सातवा लागलाय." ऐकणाऱ्याची नजर आपसूक त्याच्या पोटाकडे जाते आणि दुर्दैवानं तिथे पुरावाही असतो. बरं, सर्वनाम त्यानं विचारपूर्वक निवडलेलं असतं. 'आपल्याला' म्हटलं असतं तर समोरचाही गरोदर ठरला असता. या माणसाला हसणं सोपं आहे आणि मीही हसणार आहे. पण माझं म्हणणं असं की त्यानं भरलेली बाळंतपणाच्या क्लासची फी वाया जात नाही. फक्त ज्या कामासाठी ती भरली असं त्याला वाटतं, त्या कामाला ती येत नाही.

आपल्याकडे क्लास 'निवडत' नाहीत, 'लावतात'. स्कॉलरशिपला लावला, दहावीला लावला, सीईटीला लावला, तसाच बाळंतपणालाही. पूर्वी क्लासवाले मूल निदान जन्माला येईपर्यंत तरी दम धरायचे. आता सातवा लागलेला नवरा तिसऱ्यातच एक्सेल शीट उघडतो: फी, घरापासूनचं अंतर, बॅचमध्ये जोडपी किती, रेकॉर्डिंग मिळणार का, आणि ठळक अक्षरांत, पार्किंग. बाजारात माल तीन तऱ्हांचा. एका पाटीवर 'गर्भसंस्कार', आत वीणा, मंत्र आणि साजूक तूप. दुसरीकडे फिजिओथेरपिस्ट बाई आणि त्यांचे भलेमोठे रबरी चेंडू. तिसरीकडे 'लमाझ', म्हणजे श्वासाचं तंत्र. तो तिन्हीकडे डेमोला जाऊन येतो आणि तिन्हीकडे एकच प्रश्न विचारतो: "सिलॅबस पूर्ण व्हायच्या आत डिलिव्हरी झाली, तर उरलेल्या सेशन्सचं काय?" हे संशोधन चालू असताना बायको घरी झोपलेली असते, कारण तिला खरोखरच दिवस गेलेले असतात. शेवटी क्लास लागतो तो तिच्या मैत्रिणीनं सुचवलेला, ज्याचं नाव त्या शीटमध्ये नव्हतंच.

लमाझकडे त्याचा ओढा असतो, त्याचं कारण ऐतिहासिक आहे. फेर्नाँ लमाझ हे फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ. १९५१ साली सोव्हिएत रशियात पाहिलेली वेणा सोसण्याची पद्धत त्यांनी पॅरिसला आणली आणि तिथून ती अमेरिकेत गेली. १९६५ साली रॉबर्ट ब्रॅडली या अमेरिकन डॉक्टरांनी तर पुस्तकाच्या नावातच नवऱ्याला बाळंतपणाचा 'कोच' करून टाकलं. मराठी माणसाला आणखी काय हवं? सोफ्यावर बसून भारतीय संघाला कुठला फटका कधी मारायचा हे सांगण्यात ज्याची हयात गेली, त्याला कोचपद शोधावं लागत नाही. मैदानात उतरायचं नाही, चेंडू अंगावर घ्यायचा नाही आणि तरी "आम्ही जिंकलो" म्हणायचं, ही कला त्याला उपजतच येते.

त्याला पाहायचं ते शनिवारी सकाळी, क्लासच्या हॉलमध्ये. मॅडम सांगतात, "तळवे जोडा, गुडघे खाली, फुलपाखरू करा." आठव्या महिन्यातली बायको सहज मांडी उलगडते, तिचे गुडघे मॅटला टेकतात. शेजारी कोचसाहेबांचे गुडघे कानांच्या पातळीवर असतात. ते खाली यावेत म्हणून तो कोपरांनी दाबतो, मग चोरून बायकोकडे बघतो आणि पायाला मुंग्या आल्याचं जाहीर करतो. श्वासाच्या तालमीत तो सगळ्यांत जोरदार. फू-फू करत इतका मन लावून श्वास सोडतो की तिसऱ्या मिनिटाला त्याला गरगरतं आणि जिच्यासाठी हे चाललंय तीच उठून त्याला पाणी आणून देते. मग बाहुली. रबरी बाळाला दुपट्यात गुंडाळायचं असतं. तो फोनवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत, नकाशाची घडी घालावी तसं दुपट्याचं एकेक टोक दुमडतो. काम फत्ते झालं म्हणून वर बघतो, तर बाळाचे पाय व्यवस्थित बांधलेले आणि डोकं मागे लोंबकळतंय. "मान धरा, मान!" मॅडम ओरडतात. तो दचकून स्वतःची मान ताठ करतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी बायका झोप, सूज, भीती यांबद्दल विचारतात. हा विचारतो, कळा किती मिनिटांच्या अंतरानं आल्या की गाडी काढायची, आणि त्या वेळी सिंहगड रोडला ट्रॅफिक असेल तर तीच कळ कितवी धरायची.

आता हिशोब मांडू. क्लासमुळे बाळंतपण सुधारतं का? जगभरच्या वैद्यकीय चाचण्या गोळा करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २००७ साली याच प्रश्नाचा आढावा घेतला. नऊ चाचण्या, २,२८४ बायका आणि निष्कर्ष असा की अशा सर्वसाधारण वर्गांचा परिणाम नेमका काय होतो हे सांगता येत नाही. गर्भसंस्कारवाले म्हणतील, आई नाही तर नाही, बाळ तर शिकतं! पोटातल्या बाळाला ऐकू येतं हे खरं, जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं हेही खरं. म्हणून आपला नवरा रोज रात्री पोटाला तोंड लावून अर्धा तास श्लोक म्हणतो. पण १९८४ साली अमेरिकेत नवजात बाळांवर प्रयोग झाला, तेव्हा बापाच्या आवाजाला त्यांनी परक्या पुरुषाच्या आवाजापेक्षा काडीचीही जास्त पसंती दिली नाही. राहता राहिला अभिमन्यू. कथा सगळ्यांना पाठ आहे: सुभद्रेला डुलकी लागली म्हणून पोराला चक्रव्यूहातून बाहेर पडता आलं नाही. द्रोणपर्वातला अभिमन्यू मात्र युधिष्ठिराला सांगतो की व्यूह फोडायची विद्या मला वडिलांनी शिकवली, बाहेर पडायची शिकवली नाही. त्या संवादात डुलकीचा उल्लेखसुद्धा नाही. शिकवणी अर्धवट सोडली बापानं आणि शतकानुशतकं नाव खराब झालं आईचं, यात मराठी वाचकाला नवल वाटू नये.

इथे घरातली आत्या पदर खोचून उभी राहते. "आमच्या वेळी कुठे होते क्लास? पाच-पाच झाली, सगळी धड आहेत." जी धड राहिली तीच मोजायला उरली, हे तिला सांगण्यात अर्थ नाही, पण तिच्या बोलण्यात दुसरं एक तथ्य आहे. क्लास होता. तो माहेरी होता आणि त्याला फी नव्हती. सातव्यात डोहाळजेवण झालं की मुलगी आईकडे जायची. शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मालिशवाली बाई असा तो भरगच्च अभ्यासक्रम होता आणि नवऱ्याला त्यातून संपूर्ण सूट होती. तो रविवारी जावई म्हणून जायचा, शिरा खाऊन परत यायचा. आता आई नागपुरात स्वतःच नोकरी करते, लेक हिंजवडीत, आणि माहेर व्हिडिओ कॉलवर. रिकाम्या झालेल्या त्या जागेवर जो अवघडून उभा आहे तो हा नवरा. नव्या जागेवर नवा माणूस विनोदी दिसतोच. आणि "पुरुषाचं यात काय काम" असं म्हणणाऱ्यांनी गृह्यसूत्रं उघडावीत. सीमंतोन्नयनाच्या संस्कारात बायकोच्या केसांतून भांग वर काढायचा तो नवऱ्यानं, साळूच्या काट्यानं, हातात कच्च्या उंबरांचा घोस आणि दर्भ घेऊन. साळूचा काटा धरून उभा राहिलेला तो प्राचीन नवरा दुपट्यात बाहुली बांधणाऱ्यापेक्षा कमी गोंधळलेला असेल, असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शिकून करणार काय, लेबर रूमचं दार तर तोंडावर बंद होतं! कळांच्या वेळी सतत कुणीतरी सोबत असण्याचा फायदा मात्र पक्का आहे. कॉक्रेननंच २०१७ साली पंधरा हजारांहून अधिक बायकांची माहिती तपासली. सोबत असलेल्यांची बाळंतपणं आपसूक होण्याचं प्रमाण जास्त आणि सिझेरियनचं कमी दिसलं. आपल्या सरकारनंही २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत सोबतिणीला परवानगी दिली. नवऱ्याला मुभा आहे, पण जिथे आडोसा राखता येतो तिथेच. शिवाय कॉक्रेनच्या याच आढाव्याच्या आधीच्या आवृत्तीत असं सुचवलं होतं की सगळ्यांत उपयोगी सोबत ना दवाखान्यातल्या कर्मचाऱ्याची, ना नात्यातल्याची, तर या कामासाठीच आलेल्या तिऱ्हाईत बाईची. म्हणजे कोचसाहेब इथेही राखीव खेळाडू. हे मी मान्य करतो. जिथे आत घेतात तिथे त्यानं आत जावं, हात धरावा, तिनं नखं रुतवली तर "श्वास घे" असं म्हणू नये. एवढ्यासाठी आठ शनिवार जरा जास्तच होतात.

त्याचं खरं काम लेबर रूमच्या बाहेर आहे, खाटेशेजारी, आणि ते बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात सुरू होतं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसलं. पण जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली मुलं फक्त ४१.८ टक्के. दवाखान्यापर्यंत सगळे पोचले आणि आईपासून वीतभर अंतरावर बाळ अडलं. काही ठिकाणी ऑपरेशन आडवं येतं, खासगी दवाखान्यांत तर ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली. पण बऱ्याच ठिकाणी आडवी येते चांदीची वाटी, तिच्यात मध, मधात उगाळलेलं सोनं. पहिलं चीक दूध द्यायचं, मध, गुटी, पाणी काही चाटवायचं नाही, हे गरोदर बाईला बहुधा माहीत असतं. डॉक्टर सांगतात, माता-बाल संरक्षण कार्डावर छापलेलं असतं. तिला क्लासची गरज नसते. पण टाके पडलेली सून सासूला "मध नको" म्हणाली की ते उलटून बोलणं होतं. तेच वाक्य मुलगा म्हणाला की ती माहिती होते. क्लास तयार करतो तो हा माणूस.

हे मध्यमवर्गाचे चोचले आहेत, असं म्हणणाऱ्यांनी वाडी-वस्तीवरच्या आशाताईंना विचारावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, अंगणवाडीत सल्ला फुकट असतो, पण तिथे नवरा फिरकत नाही. बाळंतपण दवाखान्यात झालं तरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात आणि आल्या की बाळंतिणीच्या आधी ओट्यापाशी उभ्या असलेल्या सासूशी बोलतात. घरात कोणाचं मन वळवलं की दुपट्यातल्याचं भलं होतं, हे त्यांना आपल्या एक्सेलवाल्यापेक्षा आधी कळलेलं आहे. त्याला ते कळायला हजारो रुपये आणि एक सुजलेला गुडघा लागतो, एवढाच फरक.

तेव्हा तो प्रसंग येतो. दवाखान्याच्या खोलीत आजी चांदीची वाटी घेऊन पुढे झालेली, अंगठी मधात बुडवलेली, बाळाचे ओठ आधीच हलायला लागलेले. नवरा खाट आणि आई यांच्या मधे येतो. फुलपाखरू जमलं नाही, दुपटं जमलं नाही, हेसुद्धा जमेल असं त्याच्याकडे बघून वाटत नाही. बाळ त्याच्या हातात आहे, आणि मान धरलेली आहे. "आई, मध नको," तो म्हणतो, "मॅडमनी सांगितलंय."

वाटी तशीच धरून आजी विचारते, "कोण रे ह्या मॅडम?" आणि खाटेवरची सून पंख्याकडे बघत राहते.